किनाऱ्यावरच्या कारागिरांसाठी सौरविजेचे हुनर

कापड हातात घेऊन चोळल्याशिवाय त्याचा पोत कळत नाही, हे आम्ही कापडवाले जाणतो. हुनराचेही तसेच आहे. पुस्तकाने माहिती मिळते, पण हात बसतो तो काम केल्यानेच. हवापाण्याला बाधा न आणणारे जे नवे रोजगार निघत आहेत, त्यांत सौरवीज हा आपल्या किनाऱ्याला सर्वांत जवळचा. अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागात आखातात वायरिंग किंवा एसीचे काम करून आलेले कारागीर पुष्कळ आहेत. निम्मे हुनर त्यांच्या हाती आहेच. उरलेले निम्मे कसे मिळवावे, याचा येथे विचार करू.

काम कोठून येणार?

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. 2026-27 पर्यंत एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये व तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान ठरले. एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. अनुदान घरमालकाला मिळते, पण छपरावर चढून मजुरी मिळवणार कोण? आपला मुलगा शिकलेला नसेल तर हे काम बाहेरगावची टोळी येऊन करून जाईल.

आपल्या किनाऱ्याचे दोन धडे

पहिला धडा वाऱ्याचा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. म्हणून संचाचा सांगाडा छपराच्या पक्क्या भागाला जखडलेला हवा, नुसत्या पत्र्याला नव्हे. गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट आधीच सांगावी. बॅटरी नसलेला साधा संच लाइन गेली की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ती सोय असते. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरी आणि तिला जुळणारा इन्व्हर्टर लागतो. हे लपवून माल विकला तर एकच सौदा होतो, दुसरा होत नाही.

दुसरा धडा खाऱ्या हवेचा. सांगाडा अॅल्युमिनियमचा किंवा जस्ताचा जाड थर दिलेल्या लोखंडाचा हवा, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. लोखंडी अँगल कापला किंवा भोक पाडले की तेथील जस्त निघते आणि गंज तेथूनच धरतो. त्या जागी लगेच जस्ताचा लेप द्यावा.

हाताने काय शिकावे?

1) कमरपट्टा बांधून छपरावर काम करणे. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे, उतार साधारण 18 अंश ठेवणे.
2) पॅनेलवर ऊन आहे तोवर त्यात वीज असतेच. ही डीसी वीज घरच्या विजेपेक्षा निराळी. तिची ठिणगी सहज विझत नाही, सैल जोडणीने आग लागते. कनेक्टर दाबून पक्के बसविण्याचा सराव हवा.
3) अर्थिंग करणे आणि ते मीटरने मोजून पाहणे.
4) महावितरणकडे नेट मीटरसाठी अर्ज व कागदपत्रे करणे.

एसीच्या मिस्त्रींनीही शिकावे. जुन्या एसीतील आर-22 वायू 2030 पर्यंत बाद होणार, दुरुस्तीपुरता थोडा पुढेही राहील. तो एक किलो हवेत सोडला तर सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता वाढवतो. नवे आर-32 व आर-290 त्याहून कमी घातक, पण पेट घेणारे. म्हणून वायू यंत्राने काढून सिलिंडरमध्ये भरणे हे आता हुनराचाच भाग झाले आहे.

कोठे शिकावे?

केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने 2015 साली ‘सूर्यमित्र’ हा 600 तासांचा मोफत अभ्यासक्रम सुरू केला. तो दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर वगैरे केलेल्यांसाठी होता. जवळची आयटीआय आणि बँक ऑफ इंडियाची अलिबाग येथील स्वरोजगार प्रशिक्षण संस्था येथेही चौकशी करावी. बँकांच्या अशा संस्थांत शिक्षण, राहणे, जेवण मोफत असते. प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारा: छपरावर प्रत्यक्ष किती दिवस काम मिळेल? मीटर व हत्यारे प्रत्येकाच्या हाती येतील काय? दाखला सरकारमान्य आहे काय? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर गोलमोल आले तर तेथे पैसे भरू नका.

सूर्यघर योजनेत अनुदान नोंदणीकृत विक्रेत्यामार्फत बसविलेल्या संचालाच मिळते. तेव्हा सुरुवातीला अशा विक्रेत्याकडे शागिर्दी करावी. हात बसल्यावर चौघांनी मिळून स्वतःची नोंदणी करावी.

शेवटी दुकानदार बांधवांना एक विनंती. गरीब घरच्या मुलाला फीपेक्षा जड जातात ते बिनकमाईचे तीन महिने. आखाताच्या व्हिसासाठी आपण हजारो रुपये उसने देतो. तसेच या तीन महिन्यांचा घरखर्च आणि हत्यारांची एक पेटी उसनी द्यावी. रक्कम कमी लागेल आणि मुलगा आपल्याच गावात, आपल्याच छपरावर कमावेल.