फिशटँकखालचा वायरींचा गुंता

प्रश्न : तीन फुटी टँकचा फिल्टर, हीटर, एअर पंप आणि एलईडी दिवा असं सगळं खालच्या कपाटातल्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आहे. लोड जास्त होईल का?

उत्तर : लोडची काळजी नको. हीटर शे-दोनशे वॅटचा, बाकीचं किरकोळ; सहा अँपिअरचा चांगला बोर्ड सहज पेलतो. खरी भीती पाण्याची. ते वायरीवरून ओघळत थेट प्लगमध्ये शिरतं. म्हणून बोर्ड तळाशी लोळत न ठेवता कपाटाच्या बाजूच्या फळीवर, वरच्या अंगाला स्क्रूने बसवा. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत सैल झोळ देऊन मग वर न्या. थेंब झोळाच्या तळाशीच गळून पडतो. वायरी टायने आवळताना हा झोळ मोडू नका, दिसायला नीटनेटकं करण्याच्या नादात नेमकं तेच होतं. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नुसता एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. प्लगवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा. पाणी बदलण्याआधी सगळे प्लग काढा, हीटरचा तर पंधरा मिनिटं आधीच. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते.