आधी वह्या नीट कर

नाशिक

चि. सोनूस,


सीएसआरवाल्यांना पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात एआय हवं आहे आणि विश्वस्तांनी ते काम तुझ्यावर सोपवलंय, हे समजलं. घाबरू नकोस आणि हुरळूनही जाऊ नकोस. संस्थेच्या नोंदी आणि हिशेब इतकी वर्षं माझ्या हातून गेले, म्हणून हक्कानं लिहिते.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. आपल्याला वरचेवर कोणता निर्णय घ्यावा लागतो आणि तो नेमका कुठे अडतो, ते आधी ठरव. मुंबईच्या 'अरमान' संस्थेचं काम यासाठी नीट वाच. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये ती सुरू केली. त्यांच्या 'एममित्र' उपक्रमात गरोदर बायांना आणि बाळंतिणींना आरोग्याचे ध्वनिमुद्रित निरोप फोनवर जातात. पण हळूहळू बऱ्याच जणी ते ऐकेनाशा होतात, आणि प्रत्यक्ष फोन करून विचारपूस करायला माणसं थोडी. मग या आठवड्यात फोन कुणाला करायचा? एवढाच प्रश्न त्यांनी गूगलच्या संशोधकांपुढे ठेवला. २०२१ मध्ये सुमारे २३,००० बायांवर संशोधकांच्या एआय यंत्रणेची चाचणी झाली आणि यंत्राने सुचवलेल्यांना फोन गेल्यावर ऐकणं सुटण्याचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलं. फोन मात्र माणसांनीच केले. आणि हे जमलं, कारण कोणत्या बाईने कोणता निरोप किती सेकंद ऐकला, याची नोंद त्यांच्याकडे आधीपासून होती.

आपल्या नोंदी कशा आहेत, ते तू जाणतेस. सुरगाण्याच्या पाड्यांवरची मुलांच्या वजनाची कुठलीही वही उघड. दिवाळीनंतर रकाने रिकामे होत जातात, ते थेट शिमग्यापर्यंत. कुठे नुसती रेघ, कुठे 'गै.ह.', कुठे मागच्या महिन्याचंच वजन पुढे ओढलेलं. आई-बाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेत आणि पोर त्यांच्याबरोबर बागेत आहे, हे आपल्याला वही बघताक्षणी कळतं. यंत्राला कुठून कळणार? त्याच्या लेखी ते मूल एकतर गळालं, नाहीतर मागच्या महिन्याइतकंच धडधाकट आहे. प्रत्यक्षात तेच सगळ्यात जोखमीत असतं, कारण गावची अंगणवाडी सुटलेली आणि बागेजवळच्या अंगणवाडीत त्याचं नाव नाही. ज्याच्याकडे पहिल्यांदा धावायचं, तेच यंत्राने केलेल्या कुपोषित मुलांच्या यादीच्या तळाशी जाईल. म्हणून 'स्थलांतर' असा वेगळा रकाना कर. कुटुंब कोणत्या गावी, कुणाच्या बागेवर गेलं, ते पाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या तायांना लिहायला सांग. न घेतलेलं वजन अंदाजाने भरलेलं मुळीच चालवून घेऊ नकोस.

आयांच्या वयाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेल्या तारखा बघ, १ जूनची रांगच लागलेली दिसेल. खरी तारीख माहीत नसली की नाव घालताना गुरुजी तीच टाकायचे. आता ती खोडत बसू नकोस. वय दाखल्यावरून घेतलं की जन्मनोंदीवरून, एवढी खूण शेजारी असली तरी पुष्कळ झालं.

तायांना वह्या भरण्यातून सोडवायचं, त्या फोनवर बोलतील आणि नोंद आपोआप होईल, असं तुझ्या मनात आहे. कल्पना मला आवडली. पण घाई नको. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या भाषांतर-यंत्रणेत मराठी आहे, पण पाड्यावरची कोकणा बोली तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. आधी दोन-तीन तायांकडून पाड्यावर बसून बोलून घे आणि उमटलेलं त्यांनाच वाचून दाखव. औषधाचं नाव किंवा वजनाचा आकडा चुकत असेल, तर तिथे वहीच बरी. आणि हे यंत्र आपली नोकरी घालवायला आलंय का, असं त्या विचारतीलच. विश्वस्तांना त्याचं उत्तर आधी ठरवायला लाव आणि तायांना ते खरं खरं सांग. त्यांनी मनापासून नोंद केली नाही, तर बाकीचं सगळं पोकळ.

अहवालाचा कच्चा मसुदा, प्रस्तावाचं इंग्रजी भाषांतर यांसाठी चॅटबॉट आजपासून वापर, हरकत नाही. पण मुलांची नावं, पाडा, आजार, आईचा फोन नंबर यातलं काहीही त्यात घालू नकोस आणि ऑफिसात कुणाला घालू देऊ नकोस. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. माझ्या मते तर कायदा नसता, तरी आपण हे पाळायला हवं होतं. पाड्यावरच्या आयांनी आपल्याला घरातलं सांगितलं ते तायांवरच्या विश्वासाने. ती माहिती भलत्याच्या हाती गेली, तर उद्या तायांना दारात कोण उभं करील?

कुपोषित मुलांची यादी यंत्राने दिली, तरी कुठलंही नाव गाळायचं असेल तर ताईची सही हवी, हा नियम विश्वस्तांच्या बैठकीत ठराव म्हणून मंजूर करून घे. तोंडी राहिलेलं पुढे कुणी पाळत नाही.

प्रस्ताव पाठवण्याआधी बजेटचं पान मला दाखव. जुन्या नोंदी दुरुस्त करण्याचे आणि तायांच्या प्रशिक्षणाचे पैसे त्यात वेगळ्या ओळींत हवेत. सीएसआरवाले तेच पहिल्यांदा कापायला बघतात. त्यांनी यंत्राचा हट्टच धरला, तर पहिलं वर्ष फक्त नोंदींचं आणि यंत्र दुसऱ्या वर्षी, असं लिहून दे. तेही मान्य नसेल, तर हे पैसे नाकारायचे, असं विश्वस्तांना सांग. त्या बैठकीला मी येईन.

तुझी,
मावशी