लून : पाण्यासाठीच घडलेला पक्षी

पक्ष्याची हाडे पोकळ व शरीर हलके असते, असे आपण शाळेत शिकलो. उत्तर अमेरिकेतील सरोवरांवर उन्हाळ्यात वीण घालणारा लून मात्र या नियमाला बराचसा अपवाद आहे. तीन ते पाच किलो वजनाच्या या पक्ष्याची पुष्कळशी हाडे भरीव असतात. पिसांतील हवा दाबून बाहेर काढली की तो आवाज न करता बुडतो. ६० मीटर खोलीपर्यंत त्याची बुडी नोंदलेली आहे. पाय अगदी मागे, शेपटीपाशी, आगबोटीच्या पंख्यासारखे. म्हणून पाण्यात तो तरबेज. पण जमिनीवर धड उभेही राहता येत नाही. काठावरच्या घरट्यात तो छातीवर घसटत जातो. उडायचे तर पाण्यावरून लांबवर धावावे लागते. पावसात चकाकणाऱ्या डांबरी रस्त्याला तळे समजून तो उतरला, तर कोणी उचलून पाण्यात सोडेपर्यंत अडकून पडतो.

मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी ती आळीपाळीने सुमारे चार आठवडे उबवतात. पिले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. आपल्याकडील टिबुकलीची पिलेही तशीच फिरतात, पण या दोन पक्ष्यांचे कूळ वेगळे आहे. पुढे तरुण लून दोन-तीन वर्षे समुद्रावरच राहतो, आणि त्याची स्वतःची वीण साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा थोडी आणि तीही उशिरा. त्यामुळे एक प्रौढ पक्षी गेला की ती तूट लवकर भरून येत नाही.

कॅनडाने १९८७ साली एक डॉलरच्या नाण्यावर लून कोरला. लोक त्या नाण्यालाच ‘लूनी’ म्हणतात! एवढ्या मानाच्या पक्ष्याला मारणारी वस्तू मात्र फार क्षुल्लक आहे. अन्न दळण्यासाठी तो तळातील खडे गिळतो. त्यांच्यासोबत गळाला बांधायचे शिशाचे वजन पोटात जाते. कधी गळ गिळलेल्या माशातूनही जाते. पोटातील खडे ते घासतात, आम्ल ते विरघळवते आणि विष रक्तात भिनते. असा एकच छोटा तुकडा काही आठवड्यांत त्याचा प्राण घेतो.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने २००० सालापासून अशा लहान शिसे-वजनांवर निर्बंध आणले आणि पुढे ते अधिक कडक केले. कथील किंवा पोलादाच्या वजनानेही गळ तितकाच बुडतो.