वसईचा किल्ला : दगडातली कारागिरी वाचूया

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, वसईच्या किल्ल्याची सहल म्हटली की आपण चिमाजी अप्पांची १७३९ची मोहीम सांगतो, फोटो काढतो आणि परततो. ती मोहीम सांगायलाच हवी. पण या तटाच्या आत एक अख्खं शहर नांदत होतं, हे बहुतेक मुलांच्या लक्षातच येत नाही. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत इथे चर्च, मठ, वाडे उभे राहिले. ते घडवले कोणाच्या हातांनी? हा प्रश्न घेऊनच आत शिरा.

आधी संत गोन्सालो गार्सियाच्या चर्चपाशी थांबा. (हा वसईचाच सुपुत्र, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत हुतात्मा झाला.) दर्शनी भिंतीवरचे खांब मुलांना नीट बघू द्या, घाई करू नका. काळा बेसॉल्ट किती कठीण असतो, हे भूगोलात शिकवलेलंच आहे. त्याच दगडातून छिन्नी-हातोड्याने एवढी नाजूक नक्षी काढायची, म्हणजे काय हात असेल बघा! वसईचा दगड जहाजातून गोव्यालाही जायचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागातलं कोरीवकाम याच दगडाचं आहे. भूगोल, इतिहास आणि चित्रकला एकाच भिंतीवर सापडतात.

मग फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जा. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत, त्यांवर पोर्तुगीज मजकूर कोरलाय. भाषा येत नसली तरी बिघडत नाही. मुलांना आकडे शोधायला सांगा. शिळेवर वर्ष सापडलं की तेव्हा दिल्लीच्या तख्तावर कोण होतं, हे वहीत लिहायचं. शिळेवर मेलेल्याचं नाव आहे, कोरणाऱ्याचं नाही, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात का पाहा.

जवळपासच्या भिंतींवर हल्लीच्या लोकांनी किल्लीने खरवडलेली नावंही दिसतील. ती लपवू नका, दाखवा आणि तुलना मुलांवर सोडा. भिंतीला हात लावून ठसे घेण्यापेक्षा पाहून चित्र काढलेलं बरं.

शेवटी किल्लाबंदरकडे वळा. शहर ओसाड पडलं, चर्चच्या घंटा गेल्या (त्यातलीच एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे), पण तटाबाहेर हातांचं काम थांबलेलं नाही. कोळी बांधव जाळी दुरुस्त करताना दिसतात. कामात व्यत्यय न आणता, 'काका, ही गाठ कशी मारता?' एवढंच विचारायला सांगा.

शनिवार-रविवार मात्र टाळा हं, फोटोवाल्यांची फार गर्दी असते.