मुंबई ते गोवा : आकाशातील अंतर व प्रवासाचा वेळ

मुंबईहून गोव्यास विमानाने जावयाचे तर अंतर किती व वेळ किती, हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात. पहिल्याचे उत्तर घरबसल्या निघते. दुसऱ्यासाठी पुष्कळ गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांश व ७२.८७ अंश पूर्व रेखांश येथे आहे. गोव्यातील दाबोळी १५.३८ व ७३.८३ येथे. अक्षांशांतील फरक ३.७१ अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर ४१२ किलोमीटर झाले. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात; त्यामुळे आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरच भरतो. ०.९६ अंशांचे १०२ किलोमीटर होतात. आता ४१२ व १०२ या बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून पायथागोरसचे प्रमेय लावावे. कर्ण सुमारे ४२४ किलोमीटर येतो. (मुंबई ते लंडन अशा लांबच्या अंतरास ही रीत चालत नाही, तेथे पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते.) कोकण रेल्वेने मुंबई ते मडगाव हेच अंतर सुमारे ५८० किलोमीटर पडते, कारण रुळांना डोंगर व खाड्या यांचे मन राखावे लागते.

जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला तर ३२ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो! विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सारा काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे, यांतच निम्मा वेळ जातो. लांबच्या प्रवासात वारा हाही भागीदार असतो. उंचावरील पश्चिमी वाऱ्यांमुळे मुंबईहून लंडनला जाण्यास परतीपेक्षा अधिक वेळ लागतो.

जमिनीवरील खोळंबा काही आजचा नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ जातीचे लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे आणले. त्या विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. अहमदाबादेस त्याच्यासाठी इंधनाचे डबे आले ते बैलगाडीतून!

आता आपल्या बाजारकुणंगचा विचार करू. समजा, मुंबईस इस्पितळात असलेल्या आप्ताकडे कोणास तातडीने जावयाचे आहे. दाबोळीस जाण्यासाठी जंगलातून हमरस्त्यावर यावयाचे, अनमोडचा घाट उतरावयाचा, मोले व फोंडा मागे टाकावयाचे. शिवाय विमान सुटण्यापूर्वी निदान तासभर आधी पोहोचावयाचे. आकाशातील सव्वा तास या सर्वांपुढे थोडाच. पावसाळ्यात घाटातील धुके व दरडी यांमुळे तो हिशेब आणखी बिघडतो.

दुसरी वाट बेळगावची. तेथील सांबरा विमानतळ १५.८६ अंश उत्तर व ७४.६२ अंश पूर्व येथे आहे. मुंबईपासूनचे त्याचे अंतर वरील रीतीने काढून पाहावे; ते सुमारे ४०४ किलोमीटर येईल. दाबोळीपेक्षा वीस किलोमीटर कमी, म्हणजे विमानाला दीड मिनिटाचा फरक. तेव्हा वाट निवडताना आधी घाटाची स्थिती विचारावी, आणि त्या दिवशी कोठून किती वाजता विमान आहे ते पाहावे.