हळदीच्या मांडवात विझलेला फझ

मे महिना, दुपारचे साडेचार. मनवेलपाड्यात आमच्या बिल्डिंगपासून चार गल्ल्या सोडून हळदीचा मांडव पडला होता आणि स्टेज नेमकं पश्चिमेकडे तोंड करून बांधलेलं. मांडवाचं कापड डोक्यावर होतं, पण उतरतं ऊन थेट पायांत येत होतं. ऑक्टोपॅडचं चेकिंग झालं, कीबोर्डचं झालं, ढोलकीचं झालं. माझी पाळी आली. रेट्रो मेडलीची सुरुवात 'दम मारो दम'ने होती. १९७१ च्या त्या गाण्याची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली, त्यामुळे आपणही जरा जोरात यावं, या हौसेने मी फझचं बटण दाबलं.

स्पीकरमधून फुर्र... फट... एवढंच आलं. तार जोरात छेडली की आवाज अर्धा क्षण उघडायचा आणि दार आपटावं तसा बंद व्हायचा.

"दादा, केबल गेली काय?" साउंडवाल्या पोराने विचारलं.

केबल शाबूत होती, बॅटरी नवी होती. चौदा हजार मोजून आणलेली माझी जर्मेनियमची गोल डबी उन्हात तापली होती. सात वाजता, ऊन उतरल्यावर, ती पुन्हा वाजायला लागली, तेव्हा आमची मेडली उरकलेलीसुद्धा होती. मी ती प्रोसेसरमधल्या कसल्यातरी डिस्टॉर्शनवर वाजवली होती. नवरदेवाच्या मामाला फरक कळला नाही, तो भाग वेगळा.

ज्यांना फझ म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गिटारचा सूर इतका वाढवायचा की त्याचे माथे वरून-खालून कापले जावेत. कापलेल्या सुराला जी भरड, रोंवरोंव करणारी धार येते, ती फझ. मूळ प्रकार अपघाताचाच. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' गाण्याच्या नॅशव्हिलमधल्या रेकॉर्डिंगला मिक्सिंग टेबलाचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सोलो घोगरा उमटला. लोकांना तो आवडला. १९६२ मध्ये तोच बिघाड माएस्ट्रो फझ-टोन नावाने डबीत भरून विकायला आला. १९६५ ला रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो वाजला आणि मग बाजारच उघडला. १९६६ साली लंडनमध्ये आर्बिटरने फझ फेस काढला, माइकच्या स्टँडच्या बुडासारखा गोल. त्यात दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, एनकेटी २७५. काही वर्षांतच त्याच डबीत सिलिकॉनचे बीसी १०८ आणि बीसी १८३ बसू लागले. 'जर्मेनियम की सिलिकॉन' हा वाद तेव्हापासूनचा आहे.

मी त्या वादात आंधळेपणाने उतरलो. जर्मेनियम म्हणजे गोड, गोल, जुना आवाज आणि सिलिकॉन म्हणजे कर्कश, स्वस्त, असं कुणी ना कुणी सांगितलं होतं आणि मी ते गळ्यात बांधून फिरत होतो. डिसेंबरमध्ये एकाकडून जुनी डबी घेतली. झाकण उघडून दाखवताना त्याने ट्रान्झिस्टरवरची अक्षरं वाचून दाखवली, मला दुसरं काही बघायचं सुचलं नाही. रात्री घरी वाजवली. चौथा मजला, खिडकी उघडी, वाऱ्यात गारवा. गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवला की आवाज फाटायचा, सहावर आणला की घंटेसारखा स्वच्छ व्हायचा. जर्मेनियमवाले ज्यावर जीव टाकतात ते हेच. पायाने काही दाबायला नको, करंगळीने नॉब फिरवला की झालं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री चौदा हजार मला कमी वाटले.

मार्चमध्ये खरखर सुरू झाली. मी सोल्डरिंगला दोष दिला. मे महिन्यात काय झालं ते वर आलंच आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डबी पिशवीत घालून मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठला. एका गाळ्यात साठी उलटलेले एक काका रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करत बसतात. त्यांनी पहिला ट्रान्झिस्टर सोडवून काढला आणि साध्या, तीनशे-चारशे रुपयांच्या मल्टिमीटरच्या गेन, म्हणजे वाढ किती पट होते ते, मोजायच्या भोकांत खोचला. आकडा आला ९६. मी खूश. मग त्यांनी मधला पाय, म्हणजे बेस, बाहेर काढला आणि उरलेले दोन तसेच ठेवले. आता शून्य यायला हवं होतं. आकडा होता १९.

"ही गळती," काका म्हणाले. "ही वजा कर. तुझा गेन ९६ नाही, ७७." मग ट्रान्झिस्टरचं पत्र्याचं अंग त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरलं. आकडा २०, २१, २२... बघता बघता २४. "माझ्या बोटांची ऊब एवढी. तू उन्हात ठेवलास."

मग त्यांनी कागदावर जे मांडलं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. जर्मेनियमची गळती तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होते. फझ फेसच्या सर्किटमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून वीज मिळते. ९ व्होल्टला त्यातून जाऊन जाऊन २७० मायक्रोअँप जाणार. मल्टिमीटर बेसला साधारण १० मायक्रोअँप देतो असं धरलं तर त्याच्यावरचे १९ म्हणजे १९० मायक्रोअँपची गळती, तीही दुकानात, पंख्याखाली. डिसेंबरच्या रात्री ती शंभर असेल. स्टेजवर तापलेल्या धातूच्या डबीत वीस अंश वाढले की चारशे. म्हणजे मिळकत २७० ची आणि गळती ४०० ची. गिटारच्या सुराला मग काही उरतच नाही. पहिला ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडतो आणि त्याच्यामागचा दुसरा बंद. काकांनी पहिला परत जोडला, दुसऱ्याच्या कलेक्टर नावाच्या पायावर मीटर लावून ठेवला आणि पहिल्यावर सोल्डरिंगची गरम सळई नुसती जवळ नेली. साडेचार व्होल्टच्या आसपास असायला हवा तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत आठच्या वर गेला. हळदीतला फुर्र-फट पुन्हा ऐकू आला.

सिलिकॉनमध्ये ही गळती इतकी नगण्य असते की साध्या मीटरवर दिसतही नाही. बेस उघडा ठेवा, आकडा शून्य. हा सगळा फरक पदार्थाच्या स्वभावाचा आहे. जर्मेनियममधले इलेक्ट्रॉन थोड्याशा उष्णतेने सुटतात, सिलिकॉनमधले घट्ट बसलेले असतात. म्हणूनच जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर ०.२ ते ०.३ व्होल्टला जागा होतो आणि सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात.

तेव्हा जर्मेनियम घेणाऱ्याने ट्रान्झिस्टरवरची अक्षरं वाचत बसू नये. पुसून नवी छापलेली अक्षरं बाजारात मुबलक आहेत. मल्टिमीटर सोबत न्यावा, बेस घालून एकदा आणि काढून एकदा मोजावं. फझ फेसच्या धाटणीसाठी खरा गेन पहिल्याचा सत्तर-ऐंशी आणि दुसऱ्याचा शंभर-सव्वाशे असा असला की सहसा जमतं. विकणारा डबी उघडू देत नसेल तर चहा पिऊन परत यावं. नाव एनकेटी असण्याची गरज नाही. जुन्या भारतीय रेडिओंतून भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बंगळूरच्या कारखान्यातले जर्मेनियम ट्रान्झिस्टर निघतात आणि त्यांतले काही फार गुणी असतात. काकांनी भंगारातल्या रेडिओंमधून काढलेले बारा एसी १२८ माझ्यासमोर तपासले आणि तीन ठेवले. बाकीचे नऊ परत डब्यात. हे प्रमाण लक्षात ठेवा. शिवाय दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या ८.२ किलोच्या रेझिस्टरच्या जागी त्यांनी छोटा प्रीसेट बसवला, म्हणजे ऋतू बदलला की स्क्रूड्रायव्हरने साडेचार व्होल्ट पुन्हा जुळवता येतात.

आता दुसरी फजिती, जिचा उल्लेख मी इतके दिवस टाळत आलोय. जुन्या धाटणीचे जर्मेनियम फझ बहुतेक पीएनपी ट्रान्झिस्टरवर चालतात आणि त्यांत बॅटरीचं धन टोक डबीच्या धातूला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेलं असतं. आपल्या बाकी सगळ्या पेडलांत ऋण टोक ग्राउंडला असतं. मी काय केलं, तर एका अडॅप्टरमधून पाच पिना फुटणारी साखळी वायर आणली आणि डिले, कोरस, ट्यूनर यांच्यासोबत फझही तिच्यात लावला. जोडकेबलच्या बाहेरच्या जाळीतून धन आणि ऋण एकमेकांना भेटले. अडॅप्टरने एक हुं केलं आणि खोलीत करपलेल्या प्लास्टिकचा वास सुटला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय जाळलंस रे?" पेडल वाचली हे नशीब. पीएनपी फझ कायम त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा. लाल पत्र्याची साधी हाय-वॉटसुद्धा चालते. हा फझ एक-दोन मिलिअँपच्या वर ओढत नाही, वायर काढून ठेवलीत तर बॅटरी महिनोन्महिने जाते. वायर खोचलेलीच राहिली तर मात्र बॅटरी संपत राहते, कारण या पेडलांचा स्विच वायर खोचायच्या जॅकमध्येच असतो.

तिसरी गोष्ट ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी. तुम्ही वायरलेस लावून स्टेजभर फिरत असाल तर जर्मेनियमच्या गोडव्याचे पैसे वाया गेले असं समजा. व्हॉल्यूम कमी केल्यावर स्वच्छ होण्याची ती किमया गिटारच्या पिकअपची कॉइल आणि फझ एकमेकांना थेट जोडलेली असतात म्हणून घडते. मध्ये वायरलेसचा रिसीव्हर, बफरवाला ट्यूनर किंवा प्रोसेसर आला की आवाज पातळ आणि चिरका होतो, नॉब फिरवूनही तसा स्वच्छ होत नाही. फझ सगळ्यांत आधी, गिटारनंतर लगेच. हे सिलिकॉनलाही लागू आहे, पण तिथे हरवायला मुळात कमी असतं.

सिलिकॉनकडे मी वळलो ते हरल्यासारखा. काकांनीच दोन बीसी १०८ दिले, किंमत सांगायला लाज वाटावी इतकी. मी तेच सर्किट घरी एका प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत जोडलं. रात्री दहाला चालू केलं, गिटारला हात लावायच्या आधीच अँपमधून एक बाई मराठीत बोलायला लागली. आकाशवाणी. सिलिकॉन ट्रान्झिस्टर वरच्या कंपनांनाही आनंदाने वाढवतो, आणि गिटारची केबल म्हणजे आयती एरिअल. दोन उपाय केले. कलेक्टर आणि बेसच्या मध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला आणि साबणाची डबी जाऊन ॲल्युमिनियमची आली. बाई गप्प झाली. त्या कपॅसिटरने आवाजाची वरची किरकिरही जरा मऊ केली, तो फुकटचा फायदा.

कर्कशपणाचं म्हणाल तर तो बराचसा गेनचा आहे. बीसी १०९ सी सारखा चारशे-आठशे गेनचा ट्रान्झिस्टर खुपसला तर तो किंचाळणारच. बीसी १०८ चा 'ए' गट ११० ते २२० चा असतो, तो शोधा. सिलिकॉन म्हणजे हलका माल हा समज तर सोडूनच द्या. गिटारवादक हेंड्रिक्स पुढे सिलिकॉनकडे गेला, आणि पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या काळात डेव्हिड गिलमोरच्या पायाखाली बीसी १०८ चाच फझ फेस होता. मला हे आधी कळलं असतं तर चौदा हजारांत एक बरा अँप आला असता.

तरी मी जर्मेनियम विकला नाही. स्वच्छ होतानाचा तो आवाज सिलिकॉनमध्ये मला अजून मिळालेला नाही. सिलिकॉन सहावर आणला की नुसता बारीक होतो, खुलत नाही. निदान माझ्या कानाला तरी. घरात, थंडीत, एसी असलेल्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला जर्मेनियम घ्या, जरूर घ्या. पण ज्याची रोजी हळदीच्या मांडवात, गणपतीच्या स्टेजवर, टेम्पोच्या पाठीवर आहे, त्याने सिलिकॉनच घ्यावा. आपल्याकडे ऑक्टोबरही तापतो आणि साउंडचेक नेहमी उन्हातच होतो. दोन्ही परवडत नसतील तर आधी सिलिकॉन, त्यात वाद नाही.

आणि तरीही जर्मेनियमच हवा असेल, तर पेडल बघायला डिसेंबरच्या रात्री जाऊ नका. मे महिन्यात जा, दुपारी दोनला, आणि अर्धा तास खिडकीत उन्हात ठेवून मगच वाजवून बघा.