बीजगणिताचे गुण : एक हिशेब

दहावीला गणिताचे 100 गुण. बीजगणित 40, भूमिती 40, अंतर्गत 20. उत्तीर्ण व्हायला 35 लागतात. अंतर्गत गुण क्ष व लेखी गुण य मानू :

क्ष + य = 35

क्ष वीस धरला की य पंधराच उरतो. ऐंशीतले पंधरा! सोपे वाटते खरे. पण क्षमध्ये गृहपाठही येतो, आणि शाहूवाडीत आषाढात रोपलागण सुरू झाली की वही कोनाड्यातच राहते. आमच्या घरी ती उघडून पाहणारेही कोणी नव्हते. गुरुजनांनी वह्यांची तारीख लागणीनंतर ठेवावी, एवढीच विनंती. विद्यार्थ्यांनी मात्र पायऱ्या लिहाव्यात. पायरीलाही गुण असतात. आमच्या वाडीवरची मुले नुसते उत्तर लिहितात, आणि ते चुकले की सारेच जाते.